यादीतली पहिली ओळ

नंदा, काल मी सायलीला यादीतून काढलं. तू गेल्या वर्षी सांगितलं होतंस, तेव्हा काढलं नव्हतं. तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि हे सांगण्यासारखं तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितेय. मी लांबण लावली की तू म्हणायचीस, "वैशे, मुद्द्यावर ये." आज येणार नाही. आज सगळं ऐकून घ्यावं लागेल तुला.

तुझ्या नाहूरच्या घरी भेटायला येणारे लोक मला विचारत होते, तुम्ही दोघी हॉस्पिटलात नक्की काय करायचात? मी सांगत होते, मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी. त्यावर माना हलायच्या, पण कुणाला काही कळलेलं नसायचं. मुलुंडच्या त्या खोलीत आपण अकरा वर्षं काढली, एक मशीन, एक पलंग, एक पंखा आणि रडणारी पोरं. आजाराचं निदान करायच्या डॉक्टर मॅडम. आपण मापं घ्यायची. हृदयाचे कप्पे किती रुंद, झडपा किती मोठ्या, हृदयातून निघणारी मोठी नळी, ती महाधमनी, तिच्या मुळाशी किती जाड. दिवसभर मिलिमीटर मोजायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन भाजीला मीठ किती घातलं ते विसरायचं.

मोजायला मीही शिकले, पण पोरं तुझ्याकडेच शांत व्हायची. छातीला गार जेली लागली की पोर किंचाळतं, म्हणून तू जेलीची बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करून ठेवायचीस. मग पडद्यावर उघडमीट करणारी झडप दाखवून सांगायचीस, "बघ, बोंबील तोंड उघडतोय. मोज बरं किती वेळा." आणि अगदीच कुणी ऐकेना, की तुझं ते कडं. एका हाताचा अंगठा आणि करंगळी दुसऱ्या मनगटाभोवती लपेटून तू दोन्ही बोटं एकमेकांवर चढवायचीस. "कुणाला जमतंय?" पोरं आपापली मनगटं धरून बसायची. कुणालाच जमायचं नाही. मलाही नाही. तुझी बोटंच तशी होती, लांबच्या लांब. तू पाच फूट अकरा, अंगावर मांस नाही, डोळ्यांना जाड भिंगं. वॉर्डातल्या मावशी तुला शिडी म्हणायच्या आणि वरच्या कपाटातल्या चादरी काढायला तुलाच हाक मारायच्या.

लांब बोटं, उंच अंग, जाड चष्मा. नंदा, आपण हे शब्द रोज ऐकायचो गं. असं एखादं पोर आलं की मॅडम त्याला अंगठा मुठीत धरायला लावायच्या, मनगटाला कडं करायला लावायच्या आणि आपल्याला सांगायच्या, याची महाधमनी नीट बघा, अशांची ती रुंदावत जाते आणि फाटू शकते. आपण बघायचो. मग ते पोर उठून बसलं की तू त्याला तुझं कडं करून दाखवायचीस, म्हणायचीस, बघ, मलापण जमतं. आणि आम्ही सगळे हसायचो.

यादीचं सुरू झालं ते मॅडमच्या वैतागातून. पोराचं हृदय त्याच्या अंगाप्रमाणे असतं, त्यामुळे नुसतं माप सांगून भागत नाही, त्या उंचीच्या आणि वजनाच्या निरोगी पोराचं किती असतं ते शेजारी लागतं. मशीनमध्ये तो तक्ता असतो, पण तो परदेशातल्या मुलांवरून केलेला. आपली पोरं त्यांच्या मानाने बारीक. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "आपल्या भागातल्या धडधाकट मुलांची मापं घेऊ या. आपल्यापुरता तरी आपला तक्ता हवा." पाच ते तेरा वर्षांची पोरं घ्यायची ठरली. मला वाटलं, यात काय कठीण आहे. आजारी पोरं रांगा लावून येतात, निरोगी तर सगळीकडे उंडारताहेत.

पण निरोगी पोर कुणी आणून देईना. आपल्याच सोसायटीतल्या बायका तोंड फिरवायला लागल्या. "माझ्या मुलाला काही झालेलं नाहीये, मग हृदय कशाला तपासायचं? नसतं काहीतरी निघायचं." एका शाळेच्या बाईंनी होकार दिला आणि पालकांच्या चिठ्ठ्या आल्यावर नकार कळवला. महिनाभर यादी कोरी होती. मग तू सायलीला घेऊन आलीस, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच, आणि सगळ्या मावशींसमोर तिला पलंगावर निजवलंस. "माझ्या पोरीला लावलंय ना मशीन? आता बोला." सायली तेव्हा अकरा वर्षांची. पहिली ओळ तिची. माप मी घेतलं आणि आकडे तू लिहिलेस. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयची दोन्ही पोरं आली, मग त्यांच्या चाळीतली आली. तुझ्या पोरीने यादीचं दार उघडलं असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

आणि तुझ्या माहेरी, मनोरीला, काढलेले ते रविवार. मार्व्याहून बोटीत बसायचं, मशीनची बॅग तू मांडीवर घ्यायचीस, मला घेऊ द्यायची नाहीस. तुझ्या आयच्या ओटीवर दुकान मांडायचं. तिथेही पहिल्यांदा तेच. शेजारची बाई कमरेवर हात ठेवून उभी, "पोराला काय झाला नाय, मंग मशीन कनाला?" आय सुकट निवडता निवडता म्हणाली, "माजी नात झोपली मशीनखाली, मेली काय? आन तुजा पोर." बाई गेली आणि तीन पोरं घेऊन आली.

तुझा हट्ट एकच, आईने सांगितलेली उंची लिहायची नाही. आया पोरांना दोन बोटं वाढवून सांगतात म्हणायचीस. म्हणून सुताराकडून ती प्लायवूडची फळी करून घेतलीस, पट्टी ठोकलेली, खाली पाऊल ठेवायला पाट. फळी बरोबर आहे का बघायला तू स्वतः तिला पाठ लावून उभी राहिलीस आणि मला डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायला लावलीस. मी स्टुलावर चढून मारली. शेजारी लिहिलं, नंदा. मग टेपने मोजलं, बरोबर आलं. आपण एवढ्या काळजीने काम करत होतो. उंची मोजताना पोराचे केससुद्धा दाबून धरायचो.

बोटीवर एकदा तू सांगितलं होतंस, तुझे बाबा होडीवर गेले, तू सात वर्षांची असताना. मी "अरे देवा" म्हणाले, पुढे काही विचारलं नाही. मी समजले, बुडाले. कोळ्याचा माणूस होडीवर गेला म्हणजे बुडाला, दुसरं काय असणार, असं माझं मीच ठरवून टाकलं. आम्ही कोकणातून गिरणीत आलेल्यांची पोरं, आम्हाला समुद्र म्हणजे तेवढंच माहीत. पोटात ठेवायला नको म्हणून सांगते, मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू काही लपवणारी नव्हतीस.

आता त्या भांडणावर येते. ते अर्धवट राहिलंय.

गेल्या वर्षी पुरेशी पोरं झाली आणि मॅडमच्या ओळखीच्या एकाने आपल्याला आलेख काढून दिला. प्रत्येक पोराचा एक ठिपका, आणि वर एक रेघ, तिच्या आत आलं तर ठीक, बाहेर गेलं तर काळजी. तू चष्मा वर करून पडद्याला नाक लावून बघत होतीस. उंच पोरांच्या टोकाला दोन-तीनच ठिपके होते आणि त्यातला एक सगळ्यांच्या वर. तू म्हणालीस, "ही सायली ना?"

"हो मग. तुझी पोरगी उंच, नळीपण मोठी."

"वैशे, हे जरा जास्त नाही वाटत?"

"रेघेच्या आत आहे ना."

"मशीनच्या तक्त्यात बाहेर जातेय. मी लावून बघितलं."

"अगं म्हणूनच तर आपण आपला तक्ता केला. तो तक्ता आपल्या पोरांचा नाहीच."

तू त्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणालीस, "आपली बाकीची सगळी पोरं त्या तक्त्यापेक्षा लहान येतायत. ही एकटीच मोठी. मग ही आपली कशी?"

उत्तर नव्हतं म्हणून मी चिडले. तू म्हणालीस, "काढ तिला यादीतून. आणि मॅडमना दाखवू." मी म्हणाले, आकडा आवडला नाही म्हणून काढायचा असेल तर तक्ता करायचाच कशाला? उद्या कुणी म्हणेल माझ्या मुलाचा कमी आहे, तोही काढा. आणि पहिलीच ओळ काढली तर मनोरीच्या बायकांना काय तोंड दाखवणार? वर हेही म्हणाले, "तू आत्ता टेक्निशियन म्हणून बोलत नाहीयेस, आई म्हणून बोलतेयस. मॅडमना सावकाश विचारू." मग बाहेर एक पोर रडायला लागलं आणि तू जेली गरम करायला गेलीस.

सावकाश विचारायचं राहिलं. तू पुन्हा विषय काढला नाहीस. मला वाटलं, पटलं तुला. आता वाटतं, तू घाबरली होतीस आणि मी तुला घाबरू दिलं नाही. माझा शब्द तुला खरा मानायचा होता, कारण तो मानला की सायली बरी होती. मला मात्र तो खरा करायचा होता, कारण यादी माझी होती. तुझी पोरगी आणि माझी यादी यात मी यादी निवडली, नंदा. तेव्हा हे मला कळलं नाही, पण निवडली मीच.

तुझा तो शेवटचा फोन सकाळी साडेनऊचा. "आज येत नाही गं. पाठीत कळ आलीये, खांद्यांच्या मधोमध, फाटतंय आतून." मी एका पोराला निजवत होते, फोन खांद्यात धरून म्हणाले, "पोरं उचलून उचलून झालं असेल. बाम चोळ, पडून राहा. आज मी बघते." तू म्हणालीस, "मगात पाणी ठेव आधी." बस. तुझ्या प्रकाशने तुला दुपारी बाराला उचलून आणलं, आपल्याच हॉस्पिटलात. स्कॅनवर दिसलं, महाधमनी मुळापासून चिरत गेलेली. ऑपरेशनच्या खोलीपर्यंत नेईतो तू गेलीस. मी जिन्यात उभी होते. अकरा वर्षं ती नळी मोजणारी बाई, आणि खांद्यांच्या मधोमध फाटतंय म्हटल्यावर बाम सांगणारी. मला माफ कर असं लिहिणार होते, पण कशाच्या तोंडाने लिहू?

तुला घरी आणलं तेव्हा आय मनोरीहून पोचली होती. रडत नव्हती. तुझ्या पायाशी बसून एकच बोलत होती, "बापासारखीच गेली. त्यानी पन असाच छातीला हात लावला नि होडीत बसला. मंग उठला नाय." मी तिला विचारलं, "आय, ते बुडाले नव्हते?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडी आहे. "बुडंल कसा? ताडासारखा उंच मानूस. होडीतच गेला."

मी मान वर केली तर समोर सायली, दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिला कुणी जवळ घेत नव्हतं, सगळे प्रकाशभोवती. ती आपल्या मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी लपेटत होती आणि सोडत होती, लपेटत होती आणि सोडत होती. तिचं कडं पुरं होत होतं. बोटं एकमेकांवर चढत होती.

तुझ्यासाठी आलेलं रडू तिथेच थिजलं.

तेराव्यापर्यंत मी थांबले. ती दहा-बारा दिवसांची वाट मला शिक्षा म्हणून पुरेशी आहे असं वाटलं होतं, पण नाही. मॅडमना सगळं सांगितलं, तुझं आणि माझं भांडणसुद्धा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मुलीला आण."

काल आणलं. प्रकाश बाहेर बाकावर बसला. मी मगात पाणी ठेवलं, बाटली उभी केली. सायली पलंगावर डाव्या कुशीवर वळली, कुणी सांगायच्या आधी. तिला माहीतच आहे सगळं. मी मापं घेतली, तीन-तीनदा. मग खात्रीसाठी मॅडमनी चौथ्यांदा घेतलं. तेच आलं.

मॅडमनी तेवढ्यापुरती शाळेत मोजलेली उंची धरून ते आपल्या आलेखावर टाकलं. ठिपका रेघेच्या आत. काठावर, पण आत. एक क्षण मला वाटलं, सुटलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग मॅडम म्हणाल्या, "हिची जुनी ओळ यात आहे ना?"

"आहे. पहिली."

"ती काढ आणि रेघ परत काढ."

मी पहिल्या ओळीवर गेले. सायली, अकरा, तुझ्या अक्षरावरून मीच संगणकात भरलेले आकडे. ती ओळ वगळली. आणि उंच टोकाची रेघ खाली बसली, आधाराची काठी काढल्यावर मांडवाचं कापड बसतं तशी. ती रेघ तुझ्या पोरीनेच वर उचलून धरली होती, नंदा. तिला मोजायला आपण तिचीच पट्टी केली होती. वर्षभर आपण म्हणत होतो सायली रेघेच्या आत आहे, आणि रेघच सायलीची होती. आता तिचे दोन्ही ठिपके बाहेर होते, जुनाही. जुना काल बाहेर गेला नाही. तो दीड वर्ष बाहेरच होता.

मॅडम प्रकाशशी बोलल्या. रोज गोळी, दर सहा महिन्यांनी माप, खो-खो बंद, वजन उचलायचं नाही, रक्ताची तपासणी, आणि नळी आणखी रुंदावली तर फाटायच्या आधी ऑपरेशन. "वेळेत कळलंय," असं त्या म्हणाल्या. ते खरं आहे आणि मी त्यालाच धरून आहे. पण ते कळायला तुला जावं लागलं. गेल्या वर्षी त्याच दिवशी मॅडमना दाखवलं असतं तर त्यांनी पोरीनंतर आईला बोलावलं असतं, हे घराण्यातून उतरतं म्हणून त्या नेहमीच बोलावतात. हे मला झोपताना, उठताना, भात टाकताना आठवतं. ते कमी होईल असं मला वाटत नाही आणि व्हावं असंही नाही.

मी पलंग पुसत होते तेव्हा सायलीने विचारलं, "मावशी, आईचं पण असंच होतं?"

"हो गं."

"मग तुम्ही कधी बघितलं नाही?"

नुसतं विचारलं तिने. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. काय सांगू तिला? शिकायला नव्या मुली आल्या की पलंगावर तू मलाच निजवायचीस. "माझ्या छातीत नुसत्या फासळ्या, मशीन वाजेल. तू झोप, तू गुबगुबीत." माझं हृदय तू कितीदा पाहिलंस याला गणती नाही, माझी झडप जराशी आळशी आहे हेही तूच शोधून काढलंस. तुझं मी एकदाही पाहिलं नाही. अकरा वर्षं मशीन तुझ्या हातभर अंतरावर होतं.

मी तिला म्हणाले, "नाही बघितलं."

मग आपल्या फळीवर उंची मोजायची राहिली होती. प्रकाश म्हणाला, पाच फूट आठ आहे, शाळेत मोजलीये. मी म्हणाले, सांगितलेली लिहीत नाही आम्ही. सायलीने चपला काढल्या आणि फळीला पाठ लावून उभी राहिली. मी तिचे केस दाबून धरले. तिच्या डोक्याच्या चार बोटं वर पेन्सिलीची रेघ होती, आणि शेजारी माझ्या अक्षरात तुझं नाव. तिने मान वळवून ते वाचलं.

"आईचं एवढंच आहे?"

"एवढंच मोजलं आम्ही," मी म्हणाले, आणि तिची उंची लिहून घेतली.